'जैसे थे' म्हणजे नेमके कधी जैसे थे? (स्टेटस को, कोर्ट आणि भाऊबंदकी)

सोनचाफा

मंडळी, आजोळच्या भांडणात मला दुभाषी केलंय, म्हणून हा धागा काढतेय. गाव करवीर तालुक्यातलं आहे, नाव विचारू नका.

दोन्ही मामांची शेतं लागून आहेत. मध्ये सामाईक बांध, बांधालगत बैलगाडी जाईल एवढी वाट. आजोबा होते तोवर दोन्ही घरचा ऊस त्याच वाटेनं बाहेर पडायचा. दिवाळीत धाकट्या मामांनी वाटेवर सिमेंटचे खांब रोवले आणि काटेरी तार ओढली. थोरल्या मामांनी दावा लावला. गेल्या आठवड्यात दिवाणी कोर्टानं दोन्ही बाजू थोडक्यात ऐकून हुकूम दिला: 'स्टेटस को'. दोन्हीकडच्या वकिलांनी आपापल्या पक्षकाराला फोनवर सांगितलं, 'जैसे थे' मिळालं.

आणि त्या संध्याकाळी दोन्ही घरांत पेढे वाटले!

थोरले मामा म्हणतात, जैसे थे म्हणजे पूर्वी होतं तसं, तार निघालीच पाहिजे. धाकटे म्हणतात, जैसे थे म्हणजे आज आहे तसं, तारेला हात लावलात तर पोलीस बोलावतो. दोन्ही माम्या मला फोन करतात, कारण घरात इंग्रजीत एम.ए. झालेली मी एकटीच. डिक्शनरीत 'सध्याची परिस्थिती' एवढंच दिलंय. पण मराठीत मग 'थे' कुठून आलं? मूळ लॅटिनमध्ये भूतकाळ आहे की वर्तमानकाळ? आणि कायद्यानं कोण बरोबर?

दोन्ही मामा मला सारखेच आहेत, त्यामुळे बाजू घेऊ नका प्लीज.

पापाची_तिकटी

ताई, पयलं सांगा, दोन्हीकडचं पेढं खाल्लासा का न्हाई? कोर्टाचा निकाल लागायच्या आधी दोन्ही पार्ट्या जिंकल्याली पयलीच केस बघालोय मी.

विभक्ती_प्रत्यय

लॅटिनपुरतं मी सांगतो, कायद्याचं जाणकारांनी बघावं.

'स्टातुस' म्हणजे स्थिती, अवस्था. 'उभे राहणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला शब्द, म्हणजे आपल्या 'स्था' धातूचा सख्खा चुलतभाऊ. 'क्वो' हे 'जो' या अर्थाच्या सर्वनामाचं पंचमी-तृतीया-सप्तमी असं सगळं काम करणारं रूप, इथे 'ज्यात'. म्हणून 'स्टातुस क्वो' म्हणजे शब्दशः 'ती स्थिती, जिच्यात...'.

जिच्यात काय? वाक्य तिथेच तुटतं. क्रियापदच नाही. 'आहे' नाही आणि 'होते'ही नाही. तुमच्या दोन्ही मामांनी आपापलं क्रियापद घरून आणलंय.

पूर्ण रूप तहनाम्यांत सापडतं: 'इन स्टातु क्वो आन्ते बेल्लुम', म्हणजे 'युद्धाआधी ज्या स्थितीत होते त्या स्थितीत'. यातला 'आन्ते', म्हणजे 'आधी', हा काळ दाखवणारा शब्द. इंग्रजीत रोजच्या वापरात शेपूट गळलं, 'स्टेटस को' उरलं, आणि अर्थ 'आत्ताची स्थिती' असा स्थिरावला. आधीची स्थिती म्हणायची असेल तर जाणकार इंग्रज अजूनही मुद्दाम 'स्टेटस को आन्टे' म्हणतात. थोरल्या मामांना हवं आहे ते 'आन्टे'वालं.

मूळचा_बावड्याचा

आमच्या आयटीत स्टेटस को ही शिवी आहे. 'आपण स्टेटस को मोडला पाहिजे' असं प्रत्येक मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, आणि मीटिंग संपल्यावर सगळे जैसे थे.

निवृत्त_सुभेदार

ताई, 'थे' कुठून आलं ते मी सांगतो. 'जैसे थे' हा परेडचा शब्द आहे. सावधान, विश्राम, दाहिने मुड, तसाच 'जैसे थे'. एनसीसीत गेलेल्या पोरांनाही ठाऊक असेल. उस्तादानं हुकूम दिला, पोरांनी ढिला केला, की उस्ताद ओरडतो 'जैसे थे!'. म्हणजे आत्ता जी हालचाल केली ती रद्द, हुकमाच्या आधी ज्या पोझिशनला होता तिथं परत जा.

परेड ग्राउंडवर 'जैसे थे' ऐकून कोणी आहे त्या पोझिशनला उभा राहिला तर त्याला मैदानाला चक्कर मारायला लावतात. त्यामुळे फौजेच्या भाषेत तुमचे थोरले मामा बरोबर. ते माजी सैनिक आहेत काय?

सोनचाफा

सुभेदारसाहेब, कमाल आहे! थोरले मामा फौजेत नव्हते, पण त्यांचे सासरे होते.

विभक्ती सर, म्हणजे लॅटिनमध्ये क्रियापदच नाही, आणि मराठीत आपण जे उचललं त्यात भूतकाळ घुसला. पेपरवाले तर 'जैसे थे ठेवण्याचे आदेश' असंच छापतात. मग चूक पेपरवाल्यांची का?

विभक्ती_प्रत्यय

चूक कशाला म्हणायची. हिंदीत कायद्याला 'यथास्थिति' आहे, मराठीतही कागदोपत्री 'यथास्थिती' लिहितात, आणि तो शब्द लॅटिनसारखाच काळाबद्दल गप्प आहे. पण बोलायला 'जैसे थे' सोपं, खणखणीत, म्हणून तेच रुळलं.

काळा_डगला

सकाळपासून धागा वाचतोय, पक्षकार बसले होते म्हणून लिहिता आलं नाही. कोल्हापुरातच दिवाणी बाजूला काम करतो. आधीच सांगतो, हुकमाचा कागद मी पाहिलेला नाही, तेव्हा हे सर्वसाधारण बोलणं समजा आणि शेवटी तुमच्या मामांच्या वकिलांचंच ऐका.

अंतरिम मनाईचा विषय दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मधल्या आदेश ३९ खाली येतो. साधा मनाई हुकूम एका पक्षाला बांधतो: 'तू हे करू नकोस'. जैसे थे दोघांनाही बांधतो. कोर्टाला अजून कोण खरं कोण खोटं याचा अंदाज नसतो, कागद पूर्ण आलेले नसतात, पण तोवर शेतात कोयते निघू नयेत म्हणून हा हुकूम देतात. आणि दोन्ही पक्षांना तो गोड लागतो, कारण दोघंही त्यात आपलंच वाचतात. पेढ्यांचं मला काही नवल वाटलं नाही.

आता तुमचा प्रश्न. नुसतं 'स्टेटस को' एवढंच लिहिलं असेल तर सामान्यपणे ती हुकमाच्या दिवशीची स्थिती धरली जाते. पण हे इतकं सरळ नाही. सर्वोच्च न्यायालयानेच १९८७ साली, भारत कोकिंग कोल विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात, हा शब्द संदिग्ध आहे आणि त्यातून अडचणी उभ्या राहतात असं म्हटलं आहे. शब्दाचा अर्थ कोर्टाने सांगितला तो असा: एखाद्या विशिष्ट वेळी असलेली स्थिती. बघा, 'विशिष्ट वेळी'. ती वेळ कोणती हे हुकमात लिहिलेलं नसेल तर भांडण बांधावरून उठून तारखेवर जातं.

थोरल्या मामांना तार काढून हवी असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज लागतो, त्याला आम्ही मँडेटरी इंजंक्शन म्हणतो. म्हणजे 'करू नको' असं नाही तर 'केलेलं मोडून टाक' असा हुकूम. तो अंतरिम टप्प्यावर सहजासहजी मिळत नाही. पण मिळतो. १९९० च्या दोराब कावसजी वॉर्डन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याची कसोटी घालून दिली: असा हुकूम साधारणपणे वाद उद्भवण्याआधीची जी शेवटची निर्विवाद स्थिती असेल ती टिकवण्यासाठी किंवा परत आणण्यासाठी द्यायचा. 'शेवटची निर्विवाद' हे शब्द लक्षात ठेवा. आजोबांच्या काळी दोन्ही घरचा ऊस त्या वाटेनं जायचा आणि कोणाची तक्रार नव्हती, हे सिद्ध करता आलं तर थोरल्यांची बाजू भक्कम. नुसती 'जैसे थे'ची फोटोकॉपी हातात धरून पक्कड घेऊन तार तोडायला गेले तर मात्र तेच अडकतील.

आणि धाकट्यांनीही फार हुरळून जाऊ नये. हुकमानंतर एक खांब जरी वाढवला, गेट बसवलं, कुलूप घातलं, तर आदेश ३९ नियम २-अ आहे. हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. तार आज उभी आहे म्हणून ती कायदेशीर ठरली असंही नाही.

पापाची_तिकटी

वकीलसाहेब, एक शंका. रातोरात खांब उभा करायचं, सकाळी कोर्टात जाऊन जैसे थे आणायचं, असं केलं तर? आमच्यात लै जण हेच करत्यात.

काळा_डगला

करतात म्हणून तर कॅव्हेट दाखल करायची पद्धत पडली. तोही लॅटिन शब्द, 'सावध राहावे' असा. संहितेचं कलम १४८-अ, मुदत ९० दिवस. शेजाऱ्याच्या हालचालीचा वास आला की आधीच कॅव्हेट टाकायची, म्हणजे कोर्ट तुम्हाला न ऐकता त्याला काही देत नाही.

मोडी_वाचक

तारखेचा मुद्दा निघालाच आहे तर सालबाईचा तह आठवा. १७ मे १७८२, महादजी शिंद्यांनी मध्यस्थी करून घडवलेला. कलमांचा गाभा हाच की इंग्रजांनी जिंकलेला मुलूख मराठ्यांना परत द्यायचा. पण केव्हापासून जिंकलेला? तर पुरंदरच्या तहानंतर, म्हणजे १७७६ नंतर.

आता बघा गंमत. वसई इंग्रजांनी घेतली १७८० ला, ती रेषेच्या अलीकडे, म्हणून परत आली. साष्टी, म्हणजे ठाण्याच्या किल्ल्यासकट मुंबईलगतचं बेट, घेतली १७७४ च्या डिसेंबरात, ती रेषेच्या पलीकडे, म्हणून गेली ती गेलीच. रेषा दोनच वर्षं मागे ओढली असती तर ठाण्याचा किल्ला पुन्हा पेशव्यांकडे आला असता. तहात किती गावं परत करायची यावर जेवढा खल होतो त्याहून जास्त या 'केव्हापासून'वर होतो, आणि इतिहासाच्या पुस्तकात तेच एका ओळीत गुंडाळलेलं असतं.

दोनच वर्षांनी टिपू आणि कंपनीत मंगळूरचा तह झाला, १७८४. तिथेही एकमेकांचा जिंकलेला मुलूख परत, म्हणजे युद्धाआधीचं जैसे थे.

निवृत्त_सुभेदार

मोडीवाचक, तुम्ही जखमेवरची खपली काढलीत.

१९६५ चं घ्या. त्या एका वर्षात दोन वेळा जैसे थे झालं आणि दोन्ही तारखा वेगळ्या. आधी कच्छच्या रणात चकमकी झाल्या, ३० जूनला समझोता झाला, त्यात ठरलं १ जानेवारी १९६५ ची स्थिती. मग ऑगस्टात काश्मीरमध्ये घुसखोर आले, सप्टेंबरात मोठी लढाई झाली. आपल्या जवानांनी २८ ऑगस्टला हाजी पीर खिंड घेतली होती. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंदचा करार झाला. त्यात लिहिलं, दोन्ही फौजांनी २५ फेब्रुवारीच्या आत ५ ऑगस्ट १९६५ च्या आधीच्या जागी परत जायचं.

५ ऑगस्टच का? कारण घुसखोरीला तेव्हा सुरुवात झाली. पाकिस्तानचं पहिलं पाऊल पडायच्या आधीची तारीख, म्हणजे कागदावर आपलंच म्हणणं मान्य झालं. पण त्याच तारखेनं हाजी पीर आपल्या हातातून गेली. तिथं लढलेल्या जुन्या लोकांच्या तोंडून हे मी ऐकलंय. ते करारावर कमी बोलायचे आणि त्या तारखेवर जास्त.

मूळचा_बावड्याचा

सुभेदारसाहेब, हे माहीत नव्हतं. माझी आयटीवाली चेष्टा मागे घेतो.

तारखेच्या गोष्टी चालल्यात तर जेरुसलेमची शिडी सांगतो. तिथे येशूच्या कबरीचं जे चर्च आहे त्याच्या मुख्य दारावर, खिडकीखालच्या सज्ज्यावर एक साधी लाकडी शिडी टेकवून ठेवलीय. १८ व्या शतकातल्या एका चित्रातही ती तिथेच दिसते. ती हलवत नाहीत. त्या एका चर्चवर सहा पंथांचा हक्क आहे: ग्रीक, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सीरियन, इथिओपियन. कुठली पायरी कोणी झाडायची, कुठला दिवा कोणी लावायचा यावरून हाणामाऱ्या व्हायच्या. शेवटी ऑटोमन सुलतानाने १७५७ ला फर्मान काढलं आणि १८५२ ला ते पक्कं केलं: जे ज्याच्या ताब्यात आहे ते तसंच राहील, सगळ्यांच्या संमतीशिवाय कशालाही हात लावायचा नाही. त्या व्यवस्थेचं नावच 'स्टेटस को'. १८७८ च्या बर्लिनच्या तहात ६२ व्या कलमात तसा उल्लेखच आहे.

तर शिडी कोणाची, कशासाठी ठेवली, यावर वेगवेगळ्या कहाण्या आहेत, पण हलवायची तर सहाही पंथांनी हो म्हणायला पाहिजे. ते जमत नाही. आणि चर्चच्या मुख्य दाराची किल्ली? ती पिढ्यान् पिढ्या दोन मुस्लिम घराण्यांकडे, कारण सहा ख्रिस्ती पंथांना एकमेकांच्या हातात ती नको!

पापाची_तिकटी

आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या मांडवाचं सामान असंच पडून हाय. दोन गट फुटल्यात. खजिनदार कोण ते ठरंस्तोवर कळक हलणार न्हाईत. जेरुसलेमला जायाला नको, मिरजकर तिकटीच्या पुढं या, दावतो.

सोनचाफा

हसून पुरेवाट. पण माझ्या डोक्यात आता एक वेगळाच किडा. वकीलसाहेब, शिडीच्या गोष्टीत 'ताबा' आला. कोर्ट आधी मालक कोण ते का बघत नाही? ताबा कोणाकडे एवढंच का बघतं? गावात सगळ्यांना माहीत आहे की वाट सामाईक आहे.

काळा_डगला

कारण मालकी ठरवायला वर्षं जातात. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, मोजणी, साक्षी. तोवर ज्याच्या हातात काठी त्याची जमीन असं होऊ द्यायचं का? म्हणून कायदा म्हणतो, आधी ताबा सांभाळू, मालकीचं सावकाश बघू. विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ चं कलम ६ बघा. कोणी कायद्याच्या मार्गाने न जाता तुम्हाला जमिनीवरून हुसकावलं तर सहा महिन्यांत दावा करा, ताबा परत मिळतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच विचारला जात नाही. हुसकावणारा खरा मालक असला तरी!

शेतरस्त्यासाठी अजून एक दार आहे, ते लोक विसरतात. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदारांकडे अर्ज करायचा. तिथेही सहा महिन्यांची मुदत. तुमचं प्रकरण आता दिवाणी कोर्टात गेलंय, तेव्हा दोन्हीकडे एकदम पळायचं का ते वकिलांना विचारा, पण दिवाळीपासून महिने मोजत राहा.

विभक्ती_प्रत्यय

वकीलसाहेबांनी जे सांगितलं ते ऐकून मला राहवत नाही. हे सगळं रोममध्ये जसंच्या तसं होतं.

रोममध्ये प्राएतोर नावाचा न्यायाधिकारी असे. जमिनीच्या ताब्यावरून दोघं भांडत आले की तो मालकीत न शिरता एक हुकूम काढायचा. त्या हुकमाचं नाव त्यातल्या शब्दांवरूनच पडलं: 'उती पोस्सिदेतिस', म्हणजे 'जसा तुमचा ताबा आहे तसा'. हुकमाचा शेवट असायचा 'विम् फिएरी वेतो', म्हणजे 'बळजबरी करण्यास मी मनाई करतो'. संयुक्त राष्ट्रसंघात जो व्हेटो वापरतात तो हाच शब्द, 'मी मनाई करतो'.

पण रोमन लोक पापाची तिकटीच्या गल्लीतले असावेत, कारण रातोरात खांब रोवणारे त्यांनाही ठाऊक होते. म्हणून त्या हुकमात एक अट घातलेली असे. ताबा राखला जाईल, पण तो समोरच्याकडून तीन मार्गांनी मिळवलेला नसला पाहिजे: 'वी', 'क्लाम', 'प्रेकारिओ'. वी म्हणजे बळाने. क्लाम म्हणजे चोरून, लपवून. प्रेकारिओ म्हणजे विनवणी करून, समोरच्याच्या मेहरबानीवर घेतलेला. हा तिसरा शब्द इंग्रजीत 'प्रिकेरियस' होऊन आला, डळमळीत या अर्थाने. दुसऱ्याच्या मर्जीवरचा ताबा डळमळीतच असणार.

सोनचाफा, मला तुमच्या प्रकरणात लॅटिनपेक्षा या तीन शब्दांचं उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं. तार ओढली तेव्हा थोरले मामा कुठे होते? समोर उभं राहून विरोध केला, की परगावी होते, की आधी 'घाल बाबा, पण वाट सोड' असं म्हणाले होते?

सोनचाफा

सर, तुम्ही वकील व्हायला हवं होतं. मामा-मामी पंढरपूरला गेले होते. परत आले तर तार.

पापाची_तिकटी

क्लाम! क्लाम! लगा, आता उद्यापासनं गल्लीत हाच शब्द.

मोडी_वाचक

एक अवांतर. हायकोर्टाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाल्यापासून कोल्हापुरात लॅटिन फारच वाढलंय. सीपीआर दवाखान्यासमोर चहाच्या गाड्यावर परवा दोघं 'सुओ मोटो'वर, म्हणजे कोर्टानं स्वतःहून दखल घेण्यावर, वाद घालत होते. आपल्याकडे आधीपासून एकच लॅटिन घरोघरी होतं, बोनाफाईड. 'शाळेतनं बोनाफाईड घेऊन ये' म्हणताना ते 'सद्भावनेने' आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. बोनाफाईड म्हणजे शिक्का मारलेला कागद, बास.

मूळचा_बावड्याचा

'क्विड प्रो को' राहिलं की! त्यातला 'को' आणि स्टेटसचा 'को' एकच का?

विभक्ती_प्रत्यय

रूप एक, काम वेगळं. तिथे 'कशाच्या तरी बदल्यात काहीतरी'. हा प्रयोग इंग्रजीत सुरुवातीला औषधवाल्यांच्या संदर्भात यायचा, १६ व्या शतकात: एका औषधाऐवजी दुसरं देणं. आपला मेडिकलवाला 'ते नाही, हे घ्या, सेमच आहे' म्हणतो, तेच. देवाणघेवाण, लाचलुचपत हा अर्थ नंतर चिकटला. यावर वेगळा धागा काढा, इथे सोनचाफांचा बांध अडलाय.

सोनचाफा

हुकमाची नक्कल मिळाली. धाकट्या मामांनीच फोटो पाठवला, मोठ्या खुशीत. मूळ इंग्रजी आहे, माझं भाषांतर असं: 'पुढील तारखेपर्यंत उभय पक्षांनी वादमिळकतीबाबत आज रोजी असलेली स्थिती कायम ठेवावी.'

म्हणजे आज रोजी. तार राहिली.

पण आता नवीनच पेच झालाय आणि तो तारेपेक्षा मोठा आहे. थोरल्या मामांचा आडसाली ऊस तोडीला आलाय, तुरेसुद्धा आलेत. कारखान्याची तोडणी चिठ्ठी कधीही येईल. बांधालगतच्या चार-पाच सऱ्या धाकटे मामा आपल्या म्हणतात, मोजणीत त्या त्यांच्याकडे निघतील असं त्यांचं म्हणणं. ते म्हणतात, 'जैसे थे आहे ना, मग ऊसही जैसे थे उभा राहू दे.' थोरल्या मामांना रात्री झोप नाही. ऊस वाळला तर वजन जाणार. आणि तोडला तरी वाट बंद, ट्रॉली काढायची कुठून?

निवृत्त_सुभेदार

उभ्या पिकाला 'जैसे थे' म्हणणारा माणूस शेतकरी कसला?

काळा_डगला

सुभेदारसाहेब, असा अर्ज मी स्वतः चालवलेला आहे, म्हणून सांगतो, लोक करतात.

ताई, जैसे थे म्हणजे शेत फ्रीजमध्ये ठेवणं नव्हे. पेरलेलं पीक वाढणार, पाणी द्यायचं, खत घालायचं, तोडीला आलं की तोडायचं, ही सगळी चालू वहिवाट आहे आणि वहिवाट ज्याची त्याने करत राहणं हाच स्थिती कायम ठेवण्याचा अर्थ. तेव्हा ज्या क्षेत्राबद्दल वाद नाही तिथला ऊस बिनधास्त जाऊ दे.

वादातल्या चार-पाच सऱ्यांचं मात्र तोंडी ठरवू नका. वकिलांना सांगून लगेच अर्ज द्यायला लावा: लागण आम्ही केली, कारखान्याकडे ऊसनोंद आमच्या नावावर, पाणीपट्टी आमची, पीकपाहणीत नोंद आमची, ऊस तोडायची परवानगी द्या. सोबत सांगायचं, तेवढ्या सऱ्यांचं बिल हवं तर कोर्टात जमा ठेवतो, निकालाप्रमाणे ज्याचं त्याला मिळेल. असं स्वतःहून म्हटलं की समोरच्याला विरोध करायला फारसं काही उरत नाही. फारच ताणलं तर आदेश ४० खाली रिसीव्हर, म्हणजे मिळकत सांभाळायला कोर्टाचा माणूस, नेमून त्याच्यामार्फत तोड करता येते, पण चार सऱ्यांसाठी कोणी तेवढं करत नाही, खर्च उसापेक्षा जास्त होतो.

वाटेसाठी त्याच अर्जात दुसरी मागणी घाला. आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमा, त्यांनी जागेवर येऊन खांब कुठे, वाट कुठे, चाकोऱ्या दिसतात का, तारेची स्थिती काय, याचा पंचनामा आणि नकाशा करावा. चाकोऱ्या पावसाळ्यात पुसून जातात, म्हणून हे आत्ताच. त्यातून 'शेवटची निर्विवाद स्थिती' काय होती याला कागद मिळेल. आणि तोडीपुरती तार सोडून वाट द्यावी अशी तात्पुरती विनंती करा. धाकट्या मामांचा ऊसही कधी ना कधी तुटणारच आहे, त्यांची ट्रॉली कुठून निघते ते बघा.

सोनचाफा

त्यांची ट्रॉली पलीकडच्या ओढ्यातून निघते, पण ओढ्यात पाणी असलं की नाही निघत. हे मला सुचलंच नव्हतं.

पापाची_तिकटी

ताई, वड्याला पाणी कवापातुर असतंय?

सोनचाफा

यंदा जानेवारी संपेपर्यंत तरी राहील. कारखान्याची पाळी त्याच्या आधी आली तर दोघांचाही ऊस एकाच वाटेवर अडणार. अर्जाचं आज रात्री थोरल्या मामांना सांगते. ओढ्याचं धाकट्या मामीला सांगते, तिला हिशोब लवकर कळतो.